नवा ठेवायचा, जुना काढायचा

४ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद. डिस्कचं खोकं आज कुरिअरने पाठवलं आहे. इतकी चिकटपट्टी गुंडाळली की कुरिअरवाल्याने विचारलं, काका, आत काच आहे का? मी म्हटलं, संसार आहे, जपून ने.

फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर आपण दोघं 'बरं आहे ना', 'बरं आहे' एवढं म्हणतो आणि ठेवून देतो. माझं मेलचं खातं तर तूच बंद केलंस. तुझ्या ऑफिसातून बोलतो म्हणून त्या भामट्याने माझ्याकडून पासवर्ड काढून घेतला, तेव्हापासून आपला कागदच बरा.

डिस्क भरली आहे. फोटो उतरवताना चुकू नये म्हणून मी प्रत्येक वेळी सगळेच परत उतरवले, त्यामुळे एकेका फोटोच्या पाच-पाच प्रती आहेत. रोज 'जागा नाही' म्हणून ओरडते. सगळी डिस्क आवरून दे, एकही कप्पा सोडू नकोस. इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं लोकांच्या फायली लावल्या आणि स्वतःचं घर हे असं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

त्यातच तुझ्या आईचं वाचन आहे. तू तेव्हा लांब होतीस म्हणून तुला नीट सांगितलं नव्हतं. तिच्या जिभेचे स्नायू जायला लागले तेव्हा दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी एक छोटं यंत्र दिलं होतं. रोज एकच उतारा वाचायचा, यंत्र एक मिनिट आवाज साठवतं, म्हणजे बोलणं किती उतरलं ते त्यांना कळतं. तिने चारशे बारा दिवस वाचलं. ती गेल्यावर बाईंनी सगळं एका पेनड्राइव्हवर भरून दिलं. ते मी डिस्कवर उतरवलं आणि पेनड्राइव्ह तुझ्या शिकवणीप्रमाणे हातोडीने फोडला. 'जास्तीची प्रत म्हणजे उघडी खिडकी' हे तुझं वाक्य मी कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

रोज सकाळी चहाबरोबर मी एक वाचन ऐकतो. ओळीने, पुढचं उघडून बघत नाही. शहाण्णवपर्यंत आलो आहे. तेव्हा फार दिवस लावू नकोस.

तुझा बाबा

१२ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. साष्टांग घालायला माझ्या टेबलाखाली जागा नाही, तेव्हा उभ्यानेच घ्या.

संसार सुखरूप पोचला. चिकटपट्टी कापायला मात्र अर्धा तास लागला. डिस्कवर अडतीस हजार फायली होत्या. बाबा, अडतीस हजार! हाताने आवरायचं तर मी निवृत्त झाले असते. म्हणून शनिवारी बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम म्हणजे काय, तर हुकमाची यादी. हे बघ, मग ते बघ, जुळलं तर हे कर, नाही तर पुढे जा. तो बिचारा कंटाळत नाही आणि चहाही मागत नाही.

आणि गंमत म्हणजे ती यादी तुमचीच आहे. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये स्टुलावर बसायचे, आठवतं? एकाच पेशंटचे दोन सारखे कागद आले की तुम्ही वरच्या चार ओळी बघायचा, पानं मोजायचा, आणि दोन्ही जुळलं की म्हणायचा, 'नवा ठेवायचा, जुना काढायचा.' मी प्रोग्रामला अगदी तेच सांगितलं. फाइलचा सुरुवातीचा भाग बघ, आकार बघ, दोन्ही जुळलं तर एकच समज, सगळ्यात नवी ठेव, बाकीच्या काढ. अख्खी फाइल शेवटपर्यंत ताडून बघायला दिवस गेला असता. ह्या पद्धतीने बावीस मिनिटांत काम झालं. एकोणतीस हजार फायली निघाल्या.

जी जागा मोकळी झाली तिथे मी सगळे फोटो वर्षांप्रमाणे लावून परत भरले. आता तुम्हाला कुठलंही वर्ष डोळे मिटून सापडेल. पुढच्या रविवारी बांधून पाठवते.

मी फोटो फारसे बघितले नाहीत. ते एवढ्यात नको वाटतं.

तुमची मुंगी

१९ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मी शेजारच्या मास्तरांना वाचून दाखवलं. माझी रेकॉर्ड रूमची पद्धत आता यंत्रं चालवतात, म्हटलं. ते म्हणाले, तुमची पेन्शन वाढवून मागा. रात्रभर छाती फुगलेली होती, सकाळी उतरली.

फोटो नको वाटतात म्हणालीस, ते कळलं. फोटोत ती तशीही फारशी नाही, कायम तीच काढायची. आवाजही दुसरीकडे कुठे नाही. लग्नाच्या फितीवर नुसता बँड वाजतोय. म्हणून सांगतो, वाचन ऐक. डिस्क पाठवायला दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

उतारा अगदी भिकार होता. 'एका माणसाकडे तीन छत्र्या होत्या. एक काळी, एक निळी, एक फाटकी. पाऊस आला तेव्हा तो फाटकी घेऊन बाहेर पडला.' बाईंनी म्हणे सगळे कठीण उच्चार येतील असा रचला होता. तुझ्या आईला त्या माणसाचा असा राग यायचा! पहिले पंधरा दिवस तिने निमूट वाचलं. मग एक दिवस वाचलं, 'आमच्या ह्यांच्याकडे तीन छत्र्या होत्या, तिन्ही विसरून आले.' बाई रागावल्या नाहीत, उच्चार झाल्याशी कारण. मग काय, रोज नवीन. कधी मास्तर, कधी तुझी आत्या, कधी दवाखान्यातले मोठे डॉक्टर, सगळ्यांना तिने फाटकी छत्री घेऊन बाहेर काढलं. जीभ जड झाली तरी टोमणा कळायचा.

दोनशे तिसरं वाचन तुझ्या वाढदिवसाचं आहे. त्यात तिने तुला घेतलं आहे. मी त्या दिवशी दार लावून बाहेर उभा होतो, कारण तिने मला खोलीतून घालवलं होतं. 'हे तिचं आहे,' म्हणाली. मीही अजून ऐकलेलं नाही. माझा नंबर अजून तिथपर्यंत आलेला नाही. तू ओळ मोडलीस तरी चालेल. आधी ते ऐक.

आणि पाठवण्याआधी वाचनं मोजून कळव, चारशे बाराच आहेत ना. जुनी खोड आहे, मोजल्याशिवाय कपाट बंद करवत नाही.

तुझा बाबा

२७ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. डिस्क रविवारी पाठवता आली नाही. तिच्यात थोडा बिघाड दिसतोय, ऑफिसातल्या जाणकार माणसाला दाखवते आहे. काळजीचं कारण नाही. कामही फार आहे.

एक विचारायचं होतं. तो पेनड्राइव्ह तुम्ही पूर्ण फोडलात का? तुकडे टाकून दिले असतील ना? आणि त्या बाईंच्या दवाखान्याचा पत्ता कळवा. सहज हवा आहे.

चष्म्याचा नंबर तपासून आलात का?

मुंगी

३ एप्रिल

चि. मुंगीस,

आशीर्वाद. तुझं पत्र चार ओळींचं आलं तेव्हाच मला कळलं. डिस्क बिघडलेली नाही. तू वाचन ऐकते आहेस आणि तुला ते सोडवत नाही. बापापासून काय लपवतेस? ठेव तुझ्याकडे. महिना लागो, दोन लागोत. ती गेली तेव्हा तू तेराव्या दिवशी ऑफिसात हजर झालीस, कोणापुढे डोळ्यांतून पाणी काढलं नाहीस. मला तेव्हाच धास्ती वाटली होती. रडून घे एकदाचं. मला बरंच वाटेल.

पेनड्राइव्हचं विचारतेस तर सांगतो, आत काही उरलं नाही. तीन घाव घातले आणि वर चिमट्याने आतली काळी चकती मोडली. तूच म्हणाली होतीस ना, चकती राहिली तर चोर वाचू शकतो. तुकडे कचऱ्यात गेले. दवाखान्याचा पत्ता मागे लिहिला आहे. बाईंना माझा नमस्कार सांग.

मी इकडे ठीक. सकाळी चहा घेताना सवयीने हेडफोन घालतो आणि मग आठवतं. परवा मीच तो छत्र्यांचा उतारा मोठ्याने म्हटला. शब्द सगळे येतात. पण तिचा आवाज आणायला गेलो तर येत नाही. एक महिनाच झाला, मुंगे. इतक्या लवकर जातो हे मला माहीत नव्हतं. म्हणून एवढंच, तुझं झालं की पाठव. घाई नाही म्हणालो खरा, पण थोडी आहे.

तुझा बाबा

२० एप्रिल

ती. बाबा,

हे पत्र मी सहा वेळा लिहिलं. आता सरळ लिहिते.

आईची वाचनं गेली. चारशे अकरा गेली, एक उरलं. मी घालवली.

तुमचं मोजायचं पत्र आलं त्या दिवशी मी तो कप्पा पहिल्यांदा उघडला. आत एकच फाइल होती. आधी वाटलं, चुकीचा कप्पा उघडला. मग सगळं कळलं आणि मी खुर्चीवरून उठून जमिनीवर बसले. बाईंचं यंत्र प्रत्येक वाचन बरोबर साठ सेकंदांचं करायचं. कमी पडलं तर उरलेल्या वेळात शांतता भरायचं. म्हणजे सगळ्यांचा आकार एकच. आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला त्याच बाईंचा तोच आधी भरून ठेवलेला आवाज, 'नमस्कार. तीन मोजा आणि वाचायला सुरुवात करा.' माझ्या प्रोग्रामने तेवढंच बघितलं. वरच्या ओळी त्याच, पानं तेवढीच. त्याच्या लेखी आईने एकच वाचन चारशे बारा वेळा केलं होतं. त्याने नवं ठेवलं आणि जुनी काढली.

फाइल पुसली म्हणजे ती लगेच जात नाही, बाबा. तुमच्या रेकॉर्ड रूमसारखंच असतं. फायलीची जागा सांगणारं कार्ड फाडलं तरी फाइल कपाटात पडून असते, फक्त कुठे आहे ते कोणाला माहीत नसतं, आणि ती जागा रिकामी समजून तिथे दुसरं काहीतरी येतं. मी तसंच ठेवून दिलं असतं तर सगळी परत मिळाली असती. पण मी हौसेने त्याच जागेवर फोटो लावून भरले. वर्षांप्रमाणे.

आमच्या ऑफिसात बुडालेला डेटा वर काढणारा एक सहकारी आहे, आम्ही त्याला पाणबुड्या म्हणतो. तीन आठवडे तो रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्यासाठी बसला. सतरा तुकडे निघाले. चौदांमध्ये बाई 'सुरुवात करा' म्हणतात. तीन तुकड्यांमध्ये आई आहे. सगळ्यात मोठा सव्वा सेकंदाचा आहे. त्यात ती 'टकी घेऊ' एवढं म्हणते. कुठल्या दिवसाचं ते कळत नाही. दोनशे तिसरं त्यात आहे की नाही, तेही मला कधी कळणार नाही.

दवाखान्यात गेले. रुग्ण गेल्यावर सहा महिन्यांनी त्याची सगळी माहिती पुसायची असा त्यांचा नियम आहे. आईला जाऊन आठ महिने झाले. नियम चांगला आहे, बाबा. मला विचारलं असतं तर मीही तोच घालून दिला असता. माझ्या फोनवरचे तिचे निरोप मी कधी ठेवले नाहीत, आठवड्याने आपोआप पुसले जातात. ती शिस्त माझीच.

मी लोकांना पगार घेऊन हे शिकवते. आधी दुसरी प्रत काढा, मग हात लावा. प्रोग्राम आधी कोरडा, म्हणजे काही न पुसता, चालवून बघा, काय काढणार आहे त्याची यादी वाचा, मग काढू द्या. नवा मुलगा चुकला असता तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. तुमच्या डिस्कवर मी ह्यातलं काही केलं नाही, आणि का केलं नाही ते मला माहीत आहे. यादी वाचायची म्हणजे आईचं नाव दिसणार. प्रत काढायची म्हणजे फोटो डोळ्यांसमोरून जाणार. मला बघायचं नव्हतं, म्हणून मी बघायचं काम यंत्राला दिलं. आणि पेनड्राइव्ह तुम्ही फोडलात तोही माझ्या एका वाक्यावर. जपायची गोष्ट आणि चोरांपासून लपवायची गोष्ट ह्यांतला फरक मी तुम्हाला सांगितला नाही. माझ्या कामात तो रोज सांगावा लागतो.

तुम्ही लिहिलंत की मी ऐकत बसले असेन. ते पत्र मी रोज वाचते.

डिस्क ह्या पत्रासोबत पाठवते आहे. उरलेलं वाचन चारशे बारावं आहे, शेवटचं. मी दहा सेकंद ऐकलं. नुसता श्वास आहे. पुढे ऐकण्याची हिंमत झाली नाही.

माफ करा असं लिहिणार होते. तेवढंसुद्धा मागायची लाज वाटते.

मुंगी

९ मे

बाबा,

कुरिअरच्या पावतीवर तुमची सही आहे, म्हणजे डिस्क पोचली. फोन तुम्ही उचलत नाही. मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, आहेत, बरे आहेत, दारात बसतात.

दोन ओळी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल.

मुंगी

२१ मे

चि. मुंगीस,

आशीर्वाद. पहिली दोन पत्रं फाडली. पहिल्यात शिव्या होत्या, माझ्या हातून एरवी कधी लिहिल्या गेल्या नसत्या अशा. दुसऱ्यात मी तुला मोठ्या मनाने माफ केलं होतं, ते वाचून मलाच ओकारी आली. हे तिसरं.

राग आला. अजून आहे. सकाळी चहा पिताना जास्त येतो. तू समोर असतीस तर काय बोललो असतो सांगता येत नाही, म्हणून फोन घेतला नाही.

पण पद्धत माझी होती हे मी विसरलेलो नाही. वरच्या ओळी बघायच्या, पानं मोजायची, हे मी तुला सांगितलं. एक सांगायचं राहिलं, आणि तुझं पत्र येईपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. कागद काढून टाकण्याआधी माझा अंगठा मधलं एक पान उघडून बघायचा. दर वेळी. ते मी कधी ठरवून केलं नाही, हातच करायचा. हाताने केलेलं तोंडाने सांगायचं राहून जातं. स्टुलावर बसून तू माझं बोलणं शिकलीस, हात शिकली नाहीस. त्यात तुझा दोष किती आणि माझा किती, हे मी दोन आठवडे दारात बसून ठरवत होतो. ठरलं नाही.

मग गेल्या आठवड्यात मी चारशे बारावं ऐकलं. शहाण्णवनंतर थेट चारशे बारा. मधलं सगळं ओलांडून एकदम शेवट. नको वाटत होतं, पण दुसरं आहे काय?

बाई 'सुरुवात करा' म्हणतात. मग श्वास आहे. तू ऐकलास तेवढा. तू आणखी थोडं थांबायला हवं होतंस. त्यानंतर ती 'ए' म्हणते. 'एका माणसाकडे'मधला 'ए' असेल, किंवा दुसरं कोणी तिच्या मनात असेल. परत 'ए' म्हणते. आणि मग माझा आवाज येतो. मी शेजारीच बसलो होतो. मी म्हणतो, 'राहू दे आता, दमलीस. उद्या वाच.'

ती थांबत नाही. आणखी एक आवाज काढते, ह्या वेळी वेगळा. तिला काहीतरी म्हणायचं होतं, मुंगे. एवढी वर्षं तिच्याबरोबर काढली, तेवढं मला कळतं. आणि मी म्हणतो, 'अगं, उद्या.' माझा आवाज थोडा चिडका आहे. मग खट्ट आवाज येतो. ते बटण मी दाबलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही, आणि मग पुढे कधीच नाही. वाचनाच्या त्या शेवटच्या दिवशी काय झालं ते मी विसरून गेलो होतो. तिला दमू दिलं नाही, काळजी घेतली, असंच माझ्या मनात होतं. हेच वाचन उरलं नसतं तर मी तसंच समजत मेलो असतो.

तू चारशे अकरा पुसलीस म्हणून तोंड लपवतेस. ती तिने वाचली तरी होती. चारशे बारावं तिला मी वाचू दिलं नाही.

यंत्राने उरलेल्या वेळात शांतता भरली आहे. घड्याळ लावून बघितलं, एकोणीस सेकंद आहेत. रोज सकाळी मी तेच ऐकतो आणि ते एकोणीस सेकंद संपेपर्यंत हेडफोन काढत नाही.

तू ये. मला एकट्याला ते फार लांब वाटतात.

तुझा बाबा